जिभेखालचा दोरा आणि माळ्यावरचं बोंडलं

आमच्या घरात दोन माणसं कुल्फी चाटत नाहीत, चावतात. एक आमचे हे आणि दुसरी आमची लेक. गुलमंडीच्या बाजारातून खरेदी करून येताना आम्ही तिघं कुल्फीच्या गाडीपाशी थांबायचो. बाप-लेक दोघं कराकरा चावून मोकळे व्हायचे आणि मी आपली चाटतेय. माझ्या कोपरापर्यंत ओघळ यायचे आणि हे दोघं मला हसायचे. किती वर्षं सांगितलं, अहो दात ठणकतील, जरा जिभेनं खा. ऐकलं नाही. ‘पोरगी बापावर गेली,’ एवढं म्हणून मी तो विषय सोडून दिला. त्यात बघण्यासारखं काही असेल असं डोक्यातही आलं नाही. होतं. पण ते सांगायला आधी बाळंतपण सांगायला पाहिजे.

लेक पुण्याला असते, नोकरीला. पहिल्या खेपेला माहेरी यायचं, म्हणून सातव्या महिन्यात आली. जावई शनिवार-रविवार ये-जा करायचे. मी तर तयारीतच होते. डिंक आणून ठेवला, अळीव आणले, खसखस आणली, बाजरी दळून आणली, शेपूवाल्या बाईला सांगून ठेवलं की आता चाळीस दिवस मला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाला जुडी द्यायची नाही. हे म्हणाले, “एका बाळंतिणीची तयारी आहे का पंगतीची?” म्हटलं, तुम्ही पोस्टात टपालाचे गठ्ठे मोजले जन्मभर, तुम्हाला यातलं काय कळतंय.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. काळंभोर जावळ आणि एवढूसं तोंड. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो.

आता एक गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. ही लेक माझी झाली तेव्हा मला तिला पाजता आलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या दिवशीच सासूबाईंनी माळ्यावरून बोंडलं काढलं. आताच्या पोरींना माहीत नसेल, बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायचं लहानसं भांडं, त्याला चिमणीच्या चोचीसारखी तोटी असते. आमचं चांदीचं आहे. सासूबाईंनी त्यात वरचं दूध घातलं, पोरीला मांडीवर घेतलं, आणि बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच एक वाक्य ऐकवलं, “हिच्या अंगावर दूधच नाही.” बाई आली, पाट दिला, चहा दिला, की वाक्य. मी आतल्या खोलीत डोक्याला फडकं बांधून बसलेली. सगळं ऐकू यायचं. पोर वाढली, शिकली, नोकरीला लागली, पण ते वाक्य काही माझ्या कानातून गेलं नाही. बोंडलं मी सासूबाई गेल्यावर जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर सगळ्यात मागं ढकललं होतं.

लेकीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, “तू काळजी करू नको. माझ्यासारखं तुझं होणार नाही. ते बोंडलं या घरात खाली येणार नाही, बघ.”

आणि सुरुवात तर झकास झाली! नात अंगाला लागली की टक, टक, टक असा आवाज यायचा. जीभ टाळ्याला लावून आपण घोड्याला चुचकारतो ना, तसा. मी सगळ्यांना बोलावून ऐकवलं. “ऐका, कशी मिटक्या मारत पितीय!” हे दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. तरुणपणी भजनात टाळ वाजवायचे, त्यामुळं आवाज आला की यांची बोटं खुर्चीच्या हातावर सुरू. “नातीला ताल आहे बरं का,” म्हणायचे. मी फोनवर माझ्या बहिणीलासुद्धा तो आवाज ऐकवला. सगळ्यांनी कौतुक केलं. एकट्या लेकीनं नाही केलं. ती ओठ दाताखाली धरून डोळे मिटून बसायची. मी म्हणायची, दुखतंच बाई पहिल्यांदा, सगळ्यांचं दुखतं.

पाचव्या दिवशी दाखवायला नेलं तर वजन दोन किलो सहाशे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिले काही दिवस सगळीच बाळं थोडी उतरतात, घाबरू नका, पण आता चढायला पाहिजे. लंगोट किती ओले होतात ते बघा. चार दिवसांनी परत आणा, तरी चढलं नाही तर वरचं द्यावं लागेल.

वरचं. हा शब्द ऐकला आणि लेकीचा चेहरा उतरला. रिक्षात बसल्यावर मला हळूच म्हणाली, “आई, मला पाजायचंय गं तिला. काहीही खायला घाल, मी खाईन.”

झालं! मला कुणी काहीही खायला घाल म्हणावं आणि मी थांबावं?

सकाळी अळिवाची खीर. त्यावर डिंकाचा लाडू. जेवायला बाजरीची भाकरी, वर बोटभर तूप, शेपूची भाजी, लसणाची चटणी. चार वाजता खसखशीची खीर. शतावरी दुधातून दोनदा. गल्लीत बातमी गेली तसे डबे यायला लागले. कुणाचे मेथीचे लाडू, कुणाची खारकेची पूड. समोरच्या काकूंनी तर ओल्या नारळाची बर्फी पाठवली, ती दुधासाठी असते का हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण आपलं राहायला नको म्हणून. लेक बिचारी खातेय आणि खातेय. हे म्हणाले, “अगं, पिणारी ती आहे. तू हिला का भरतीयस?” मी यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. आता वाटतं, सगळ्या घरात तेवढं एकच वाक्य शहाणपणाचं बोललं गेलं होतं.

यांनीही आपलं डोकं चालवलंच. म्हणाले, चार दिवस कशाला थांबायचं, आपण घरीच वजन करू. आमच्याकडे माणसाचं वजन बघायचा काटा आहे. आधी हे नातीला घेऊन उभे राहिले, आकडा लिहून घेतला. मग नातीला ठेवून एकटेच उभे राहिले. वजाबाकी केली तर नात दोन किलोच्या आत! लेक रडायला लागली. मी म्हटलं, परत बघा. तेव्हा लक्षात आलं, पहिल्या आणि दुसऱ्या वजनाच्या मधे हे एक बशी पोहे आणि दोन कप चहा घेऊन आले होते.

“मधे पोहे खाल्ले तुम्ही!”

“तू हाक मारलीस, गार होतील म्हणून.”

त्या काट्याला मी पलंगाखाली सरकवलं. पण पोह्यांवर हसून झालं तरी नात काही गुटगुटीत दिसत नव्हती. अंगाला लावली की टक टक टक, पाऊण तास, एक तास. मग थकून झोपायची, आणि वीस मिनिटांत परत भुकेनं उठायची.

सातव्या दिवशी कन्नड गावाहून विहीणबाईंचा फोन आला. शेतीवाडीचं घर, बाई लई मोकळ्या मनाच्या, फोनवर बोलतात तेव्हा फोन नसता तरी ऐकू आलं असतं. “काय म्हणती आमची नात? पिती का पोटभर?”

आणि माझ्या तोंडून गेलं. कसं गेलं ते मलाही कळलं नाही. मी म्हणाले, “काय सांगू विहीणबाई, हिच्या अंगावर दूधच नाही हो.”

“दूध नाय? मग आता वं? पावडरीचा डबा आणू का बारशाला येताना?”

मी मागं वळले तर लेक दारात उभी. हातात रिकामी वाटी. वाटी ओट्यावर ठेवली आणि आत गेली.

तुम्हाला सांगते, मला माझीच जीभ उपटून टाकावीशी वाटली. इतकी वर्षं जे वाक्य कानात अडकून पडलं होतं, ते मीच काढून माझ्या लेकीच्या कानात घातलं. शब्दसुद्धा तेच. सूरसुद्धा, बहुतेक, सासूबाईंचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला कणकण आली. अंग दगडासारखं झालेलं, हात लावू देईना. त्याच वेळी शेजारच्या आपा आल्या. आपांची आणि आमची भिंत एक. त्यांचं चपलांचं दुकान आहे, घरात उर्दू, दारात दखनी, बाजारात मराठी. मी त्यांच्याशी मराठीत बोलते, त्या माझ्याशी त्यांच्या बोलीत, तीस वर्षांत कुणाचं काही अडलेलं नाही. हातात पातेलं होतं. अछवानी म्हणतात त्यांच्यात, ओवा, गूळ, तूप, सुकामेवा घालून बाळंतिणीला पाजतात.

पातेलं ठेवलं आणि लेकीकडं बघितलं मात्र. तसंच झाकण घातलं.

“भाभी, ये मैं वापस ले जाती. लड़की को क्या खिला खिला के मारते क्या?”

“अहो आपा, दूध नाही ना तिला. म्हणून तर—”

“दूध नै? हात लगाके देखे क्या? फटने को आई लड़की! दूध कम नै, जादा है. निकलताच नै तो क्या करेगी वो!”

त्यांनी गरम पाण्याचा टॉवेल मागवला, स्वच्छ वाटी मागवली, लेकीला जवळ घेऊन बसल्या. माझ्या लेकीला हाताने दूध काढायला शिकवलं. मी बाजूला उभी. आणि वाटी भरायला लागली. अर्धी भरली. भरली. दुसरी आणली. मी आपली वाटीकडं बघतेय. दूध नाही, दूध नाही म्हणून मी सगळ्या गल्लीचे डबे त्या पोरीच्या पोटात रिकामे केले, आणि दूध हे इथं होतं. जितकं मी खायला घातलं तितकं साचत गेलं, आणि पोरगी दुखण्यानं बेजार.

लेक रडत हसली. “आई, बघ. आहे.”

“आहे बाई,” म्हटलं. आणखी काय म्हणणार.

आता हे नातीच्या पोटात कसं घालायचं? चमच्यानं पाजायला गेले तर अर्धं गळ्याखाली. आपा म्हणाल्या, तुमच्यात ते चोचवालं भांडं असतं ना? लेक माझ्याकडं बघते. मग मी यांना स्टूल धरायला लावलं, स्वतः चढले आणि माळ्यावरनं ते धोतराचं गाठोडं काढलं. खाली येणार नाही म्हटलेलं बोंडलं माझ्याच हातानं खाली आलं. दहा मिनिटं पाण्यात उकळलं. पण त्यात या वेळी वरचं दूध नव्हतं. नातीनं गटागटा संपवलं आणि पहिल्यांदा अडीच तास झोपली.

आपा मात्र हलल्या नव्हत्या. त्यांनी नात जागी असतानाच एक गोष्ट बघितली होती. “भाभी, ये रोती तब जुबान उप्पर नै उठती. देखे क्या? सामने से बीच में खाँच पड़ती.” नंतर नात रडायला लागली तेव्हा मीही बघितलं. खरंच. जिभेचं टोक मधे दबलेलं, पत्त्यातल्या बदामासारखं. खाली एक पातळ पांढरा दोरा, जीभ जशी काही तळाला टाचून ठेवलेली.

“हमारे गाँव में एक दाई थी,” आपा करंगळी दाखवत म्हणाल्या. “छंगुली का नाखून बढ़ाके रखती थी. बच्चा हुआ, ऐसा दिखा, के जुबान के नीचे खट!”

“आपा!” मी नातीला पदराखालीच घेतलं.

“अरे मैं थोड़ी कर रई. मैं बोली बस. डॉक्टर को दिखाओ.”

मी म्हटलं, जिभेचं असेल तर जरा वेखंड घासून बघू का? तर लेक आतून ओरडली, “आई, कुणी काही घासायचं नाही!” तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. पोरगी ताळ्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. आधी त्यांनी दूध पाजायला लावलं, बाळ कसं धरायचं ते दाखवलं, उशी बदलली, मान फिरवली. तरी टक टक टक. मी अभिमानानं म्हटलं, “मिटक्या मारते ती.”

“काकू, या मिटक्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “तिची पकड सुटतेय. प्रत्येक टक म्हणजे एकदा सुटली. जीभ पुढं येऊन खालून धरायला पाहिजे, ती येत नाहीये. म्हणून ती हिरड्यांनी चावतेय, म्हणून आईला जखमा. आणि दूध तर निघतच नाही.”

म्हणजे आठ दिवस आम्ही सगळे ज्याच्यावर खूश होतो, बहिणीला फोनवर ऐकवत होतो, हे ज्याच्यावर ताल धरत होते, ते पोर उपाशी असल्याचा आवाज होता. मी खाली मान घातली.

त्यांनी हातमोजा घालून बोट नातीच्या जिभेखाली घातलं आणि दोरा दाखवला. टंग टाय म्हणतात म्हणे. म्हणाल्या, पुष्कळ बाळांना असतो, सगळ्यांचा कापत नाही आम्ही. दूध ओढता येत असेल तर हातसुद्धा लावायचा नाही. हिला येत नाहीये, वजन चढत नाहीये, धरायची पद्धत बदलूनही भागत नाही, म्हणून मोकळा करू. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “घरात आणखी कुणाला आहे का? बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. तुम्ही जीभ बाहेर काढा बघू.”

लेकीनं जीभ काढली. खालच्या ओठापर्यंत आली आणि थांबली. टोकाला खाच. मी बघतच राहिले. शाळेत असताना भांडून यायची, रडायची, की त्या पोरी मला जीभ काढून वेडावतात आणि मला काढताच येत नाही. मी म्हणायची, चांगलंच आहे, वळण आहे तुला.

“काकू, तुम्ही?”

मी काढली. हनुवटीपर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमची एकदम मोकळी आहे.”

“बाबांना बोलवा,” लेक म्हणाली. तिला कुल्फी आठवली असणार. मलाही आठवली.

हे बाहेर बाकावर बसले होते. आत आले, चप्पल दाराशी काढून.

मी म्हटलं, “जीभ काढा.”

“कुणापुढं?”

“डॉक्टरांपुढं.”

“मला काय झालंय?”

“अहो, काढा म्हणते ना!”

जन्मात ज्यानं कुणा बाईमाणसासमोर जीभ काढली नाही, तो माणूस लाजून लाजून जीभ काढतोय, आणि ती काही ओठाच्या पुढं येईना. हे जोर लावतायत. कपाळावर शीर आली, मिशी थरथरली, जीभ तिथंच. लेक इतकी हसली की बाळ मला माझ्याकडं घ्यावं लागलं. पोस्टात सगळे तिकिटं जिभेला लावून चिकटवायचे, हे मात्र वाटीत पाणी घेऊन बसायचे. मी आपली सगळ्यांना सांगत फिरले, यांना स्वच्छतेची लई आवड.

“आजोबा, तुम्हालाही आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“हिची बघितली का?” यांनी माझ्याकडं बोट केलं.

“त्यांची मोकळी आहे.”

“ते मला माहितीय,” हे म्हणाले.

मी यांना उत्तर दिलं असतं, पण माझं डोकं दुसरीकडंच चालू झालं होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “मग हिच्या वेळी... म्हणजे हिलाही हे होतं, तर माझ्या अंगावर दूध...”

“तेव्हाचं मी आता कसं सांगू, काकू?” त्या म्हणाल्या. “अंग भरून यायचं का तुमचं? दुखायचं?”

“दगडासारखं. ताप यायचा.”

“मग दूध होतं.”

एवढंच. कागदावर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाल्या. मग होतं. त्यांना पुढचे पेशंट होते. मी खुर्चीचा हात धरून बसले.

पुढचं फार पटकन झालं. लेकीला बघवणार नाही म्हणून मी नातीचं डोकं धरलं. जिभेखाली औषधाचं बोट, एक लहानशी कात्री, एवढंसं काहीतरी, दोन थेंब रक्त. लस टोचल्यावर रडतात तेवढंही रडली नाही. लगेच आईच्या अंगाला लावली.

आणि शांत.

टक नाही, काही नाही. फक्त घोट घ्यायचा आवाज, तोही कान दिला तर. लेकीनं ओठ दाताखाली धरून ठेवला होता, तो तिनं हळूहळू सोडला. डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. दाराबाहेरून यांचा आवाज आला, काळजीचा, “थांबलं काय गं? पीत नाही का?”

“पितीय,” मी म्हटलं. “आवाज नाही म्हणजे पितीय. तुम्ही ताल धरू नका आता.”

येताना रिक्षात हे पुढं ड्रायव्हरशेजारी अवघडून बसले. मागं मी, लेक आणि मधे नात. मी बराच वेळ शब्द जुळवत होते. शेवटी म्हटलं, “परवा मी फोनवर बोलले ना विहीणबाईंना. तसं बोलायला नको होतं मी.”

लेक काही वेळ नातीच्या टोपीची नाडी नीट करत बसली. मग म्हणाली, “आई, तुझ्याही अंगावर दूध होतं.”

पुढून यांनी मान वळवली. “काय म्हणाली?”

“काही नाही. तुम्ही खड्डे बघा पुढं,” मी म्हटलं. माझा पदर डोळ्याला होता आणि रिक्षा नेमकी सिग्नलला थांबलेली, बाजूचा स्कूटरवाला बघत होता.

पण मी गप्प बसणारी आहे का? घरी आल्यावर बोंडलं उकळायला ठेवताना यांना विचारलं, “हे बोंडलं घरात आधीपासूनच होतं ना? आपली पोरगी व्हायच्या आधी?”

“होतं की. माझंच आहे ते. मी त्याच्यावरच वाढलो.”

“तुम्ही?”

“आई सांगायची. तिची सासू तिला रोज बोलायची म्हणे, अंगावर दूध नाही म्हणून. आई सांगताना रडायची.”

मी गॅस बंद केला. “आणि हे तुम्ही मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही?”

“तू कधी विचारलंस?”

सासूबाईंच्या फोटोसमोर मी त्या दिवशी बराच वेळ उभी राहिले. भांडायलाच उभी राहिले होते खरं म्हणजे. इतक्या वर्षांचं भांडण शिल्लक होतं. पण मनात सारखं येत होतं, की त्या आतल्या खोलीत, डोक्याला फडकं बांधून, कधी काळी याही बसल्या असतील, आणि बाहेर कुणीतरी हेच वाक्य बोलत असेल. त्यांनी ते मला दिलं, मी माझ्या लेकीला. ज्याची जीभ बघायला पाहिजे होती तो मात्र त्यांच्या मांडीवर होता, आणि माझ्या मांडीवर त्याची पोरगी. शेवटी मी फोटोवरची धूळ पुसली आणि म्हटलं, “होतं बरं का तुमच्याही अंगावर.” मोठ्यानं म्हटलं. हे आतून म्हणाले, “कुणाशी बोलतेस?” म्हटलं, सासूबाईंशी.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. जीभ मोकळी झाली तरी ती वापरायची कशी हे नातीला शिकायला तीन-चार दिवस लागले. जखमा भरायला आठवडा. तोवर एक वेळ अंगावर, एक वेळ बोंडल्यानं, दोन्हीकडं आईचंच दूध. बारशाच्या आदल्या दिवशी वजन केलं, या वेळी दवाखान्यात आणि पोहे न खाता. दोन किलो सातशे साठ. लेकीनं दवाखान्यातूनच जावयांना फोन लावला, आणि आकडा सांगता सांगता तिला हुंदका आला.

बारशाला विहीणबाई जीपभर माणसं आणि पावडरीचा डबा घेऊन आल्या. दारातच डबा पुढं केला. मी तो घेतला, आत नेऊन ठेवला, आणि मग सगळ्या बायका बसल्यावर, चहा झाल्यावर, मुद्दाम खणखणीत आवाजात सांगितलं, “विहीणबाई, मी त्या दिवशी फोनवर चुकीचं बोलले. हिच्या अंगावर भरपूर दूध आहे. पहिल्या दिवसापासून होतं.”

“व्हय?” त्या म्हणाल्या. “मग जरा मोकळं सांगायचं ना बाई. मी उगं कन्नडमधी सगळीकडं सांगून बसले.”

“मग आता परत सगळीकडं सांगा,” मी म्हटलं.

“सांगते की! त्याला काय लागतंय!” आणि त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. पहिला जावेला. आम्हाला सगळ्यांना ऐकू गेलं, बहुतेक कन्नडलाही फोनशिवाय गेलं असेल. लेक पाळण्यापाशी बसली होती, कानातले हलेपर्यंत हसत होती.

बोंडलं आता माळ्यावर नाही. कपाटात, चांगल्या वाट्यांच्या शेजारी आहे. नात सात महिन्यांची आहे, चांगली गुबगुबीत. पुण्याहून आली की दिवसभर एकच खेळ, आजोबांच्या मांडीवर बसायचं आणि जीभ काढून दाखवायची. लांबलचक, ओली, हनुवटीपर्यंत. हे चष्मा काढून, कपाळाला शिरा आणून आपली काढायला बघतात. ओठापर्यंत येते. ती टाळ्या वाजवते, आणि परत काढते.